देवमासा हा मासा नव्हे

देवमासा हे नाव ऐकले की आपल्याला वाटते, हा एक मोठा मासाच असणार. मलाही तसेच वाटायचे. पण दिवाळीच्या सुट्टीत मी देवबागला मामांकडे गेले आणि माझी समजूत पार बदलली. त्याचीच ही हकीगत.

देवबागच्या एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आहे. मामांची इंजिनाची होडी आहे. एके दिवशी सकाळी लवकर आम्ही निघालो. नदीचे मुख ओलांडले. डाव्या हाताला भोगव्याचा किनारा आणि पुढे निवतीचा किल्ला दिसू लागला. लांब समुद्रात वेंगुर्ल्याच्या खडकांची बेटे होती. तिथे दीपगृह आहे.

मी सारखी विचारत होते, "मामा, देवमासा कुठे आहे?" मामा म्हणाले, "देवमासो खोल पाण्यात, गो बाय. हयसर त्येचे धाकटे भाव भेटतत."

इतक्यात "फूस्स" असा आवाज झाला. पाण्यातून राखाडी पाठ वर आली आणि खाली गेली. मग दुसरी, मग तिसरी! ते डॉल्फिन होते. त्यांच्या पाठीवर कुबड असते, म्हणून त्यांना हंपबॅक डॉल्फिन म्हणतात. मामांनी लगेच इंजिन बंद केले. दुसरी एक होडी मात्र जोरात त्यांच्या मागे गेली. मग ते जे बुडाले ते बराच वेळ दिसलेच नाहीत. मामा म्हणाले, "पाठी लागू नये गो. तेंका दम घेवक वर येवचा लागता."

शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना हे सांगितले. गुरुजींनी फळ्यावर फरक लिहून दिला :

१) मासा कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतो. देवमासा व डॉल्फिन यांना आपल्यासारखी फुप्फुसे असतात. डोक्यावरच्या छिद्रातून ते हवा घेतात.

२) माशाची शेपटी उभी असते व डावी-उजवीकडे हलते. यांची आडवी असते व वर-खाली हलते.

३) यांची मादी पिल्लाला जन्म देते व दूध पाजते. म्हणून हे सस्तन प्राणी होत.

निळा देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो. आम्ही आमचा वर्ग टेपने मोजला, तो ६ मीटर भरला. म्हणजे असे ५ वर्ग ओळीने! २०१५ च्या जून महिन्यात रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्याला ४२ फुटी निळा देवमासा लागला होता. तो वाचला नाही.

आमच्या घरी डॉल्फिनचे नाव काढले की बाबा चिडतात. कारण ते जाळ्यातले मासे खातात आणि जाळे फाडतात. पण मागच्या वर्षी एक डॉल्फिन बाबांच्या जाळ्यात अडकला, तेव्हा बाबांनी सुरीने जाळे कापून त्याला सोडला. आई रडली, कारण जाळ्याचे कर्ज फिटायचे होते. मी विचारले, "बाबा, मग सोडलात कशाला?" बाबा म्हणाले, "माणसासारखो दम टाकी होतो गो."

तेव्हा मला ते कळले नव्हते. आता कळले. जाळ्यात पाण्याखाली अडकला तर डॉल्फिन बुडून मरतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे प्राणी मारणे गुन्हा आहे. आणि २०१८ सालापासून, असा प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले तर शासन २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. त्यासाठी प्राणी सोडतानाचा फोटो लागतो. बाबांना हे ठाऊक नव्हते, फोटोही नव्हता, म्हणून काही मिळाले नाही. आता बाबा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून होडीवर नेतात.

हा लेख वाचणाऱ्या पालकांनीही हे लक्षात ठेवावे आणि शेजारच्यांना सांगावे, ही विनंती.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी