घाटेअळीचे स्थलांतर आणि प्रतिकारक्षमता

विष पचविण्याची शक्ती अळीला कीटकनाशकामुळेच लाभते, असा समज आढळतो. वस्तुतः प्रतिकारक्षमतेचे जनुक समूहात आधीपासूनच विरळ असते. फवारणीतून वाचलेल्या अळ्यांमुळे पुढील पिढ्यांत त्याचे प्रमाण वाढत जाते. १९८३ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात, एमेराल्ड येथील कापसावरील घाटेअळी पायरेथ्रॉइड कीटकनाशकांना दाद देईनाशी झाली. या अळीचे पतंग रात्री वाऱ्याबरोबर दूरवर जातात. त्यामुळे हे जनुक नव्या प्रदेशांत पोहोचते. परंतु न फवारलेल्या पिकांवरील पतंगांशी मीलन झाल्याने ते विरळही होते. हा लाभ टिकावा म्हणून तेथे पायरेथ्रॉइडचा वापर हंगामातील ठरावीक आठवड्यांपुरता, सुमारे एका पिढीपुरता, मर्यादित करण्यात आला. अर्थात, असे बंधन एकट्या शेतकऱ्याने पाळून भागत नाही. ते साऱ्या परिसराने पाळावे लागते.