दुखण्याआधीचं पाणी

सिकलसेलची शुश्रूषा दुखणं उठल्यावर सुरू केली तर उशीर झालेला असतो, हे माझं ठाम मत आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या घरात आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, छाती, पोट ठणकू लागतं. त्यांना वाकायला निमित्त बहुतेकदा साधंच पुरतं: अंगातलं पाणी कमी होणं, गारठा, ताप, अतिश्रम. आता आपलं वर्ष आठवा. चैत्रात पहाटेपासून मोहफुलं, वैशाखाच्या उन्हात तेंदूपत्ता, आषाढात बांधीच्या चिखलात वाकून ओल्या अंगाने रोवणी, पौषात हाडं गोठवणारी थंडी. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 2023 साली सुरू झाली, तिचं लक्ष्य 2047 आहे. पण आज जी मुलं या आजारासह जगताहेत त्यांची रोजची राखण घरालाच करायची आहे.

‘मागेल तेव्हा पाणी देतोच की,’ असं घरोघरी म्हणतात. इथेच चूक होते. या आजारात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद लहानपणीच जाते. पाणी कमी पडलं तरी लघवी पातळच राहते, म्हणून तिचा फिका रंग पाहून निर्धास्त होता येत नाही. पोर अंथरूण ओलं करतं म्हणून संध्याकाळनंतर त्याचं पाणी तोडणारी आई वाईट नाही, तिला कुणी सांगितलेलं नाही एवढंच. पाणी तोडू नका. निजण्याआधी आणि मध्यरात्री लघवीला उठवा. शेतावर, शाळेत त्याची स्वतःची बाटली असू द्या, आणि तहानेची वाट न पाहता घोट घोट पाजा.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो: ‘कामाच्या दिवसांतच याला कसं दुखतं?’ कारण कामाच्या दिवसांतच पाणी आटतं आणि अंग भिजतं. बाहेरून सूज नसली तरी दुखणं खरं असतं. आधी विश्वास ठेवा. बर्फ लावू नका, गार पाण्याने पुसू नका. ऊबदार पांघरूण आणि सोसेल असा शेक द्या. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध लिहून दिलं असेल, तर बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करू नका. घरच्या काळजीत दवाखाना लांबतो, ही भीती मात्र रास्त आहे. ताप 101 फॅरनहाइटवर गेला, छातीत दुखून धाप लागली, एक बाजू लुळी पडली किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. पोर एकाएकी पांढरंफटक पडून डाव्या बरगडीखाली पोट फुगलं, तर प्लीहेत रक्त साचत असू शकतं, आणि तिथे तास मोलाचे असतात. तपासणीला जाल तेव्हा ही प्लीहा कुठे चाचपायची ते सिस्टरकडून शिकून घ्या आणि पोर बरं असतानाही हात लावून पाहत जा. नेहमीचा आकार बोटांना ठाऊक असला तरच वाढलेला कळतो.