दहावी राहिली, तर काय अडते?

प्रस्तुत स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची माहिती संकलित करण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे आले, तेव्हा एक छापील अर्ज तयार करण्यात आला. नाव, गाव, प्रवेशाचे वर्ष, शिक्षण आणि सध्याचा व्यवसाय असे त्यात रकाने होते. भरून आलेल्या अर्जांपैकी काहींमध्ये ‘शिक्षण’ हा रकाना कोरा होता. एका माजी विद्यार्थ्याने तर अर्ज तसाच परत पाठवून निरोप दिला, ‘गुरुजी, माझं नाव देणगीदारांत घाला, विद्यार्थ्यांत नको. मी दहावी झालो नाही.’

हे गृहस्थ आज प्लास्टर व सेंट्रिंगची कामे घेतात. पंधरा-वीस माणसांची चूल त्यांच्या कामावर पेटते. दर पावसाळ्यात वसतिगृहाच्या कोठीत त्यांच्याकडून तांदळाची पोती येतात. गावात त्यांचा शब्द मानला जातो. असे असूनही पंचवीस वर्षांपूर्वी राहून गेलेला एक दाखला त्यांना या शाळेचे विद्यार्थी म्हणवून घेऊ देत नाही. त्यांच्या निरोपाने आम्ही अस्वस्थ झालो. हा लेख त्या अस्वस्थतेपोटी लिहिला आहे.

पालकसभेत एक प्रश्न दरवर्षी विचारला जातो. ‘दहावी होऊन तरी कुणाचं भलं झालं? पदवी घेतलेली पोरं चौकात बसून आहेत. त्यापेक्षा लवकर कामाला लागलेलं काय वाईट?’ हा प्रश्न विचारणारी माणसे अडाणी नसतात. ती दिवसभर राबून, एस.टी.ने दोन गाड्या बदलून सभेला आलेली असतात. त्यांना शिक्षणाचे महत्त्व सांगून गप्प करणे सोपे आहे, परंतु ते उत्तर नव्हे.

दहावी न झालेली माणसे मोठी होतात, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांची शाळा दीड दिवसाची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. मात्र भाषणात अण्णाभाऊंचे उदाहरण देणारे आम्ही लोक त्यांचे अखेरचे दिवस किती हलाखीत गेले, हे सांगायचे विसरतो. प्रतिभा त्यांच्यापाशी होती, आधार नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटील हेही मॅट्रिक झाले नव्हते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालू केले. ‘मी मॅट्रिकवाचून अडलो नाही, तुम्हीही अडणार नाही,’ असे ते मुलांना म्हणाले असते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी उलट केले. आपल्याला जे पुरे करता आले नाही, ते इतरांच्या मुलांना पुरे करता यावे म्हणून त्यांनी सारे आयुष्य वेचले. मॅट्रिक न झालेल्या माणसाने दिलेली ही साक्ष आम्हाला फार मोलाची वाटते.

आता दुसरे उदाहरण. बाबासाहेब १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. शेकडा काढले तर ३८ देखील भरत नाहीत. आज आमच्या फलकावर ज्यांची नावे लागतात, त्यांत या गुणांना जागा मिळाली नसती. (हे वाक्य लिहिताना आम्हाला आमच्या फलकाची थोडी लाज वाटली.) परंतु त्या २८२ गुणांमुळे एल्फिन्स्टन कॉलेजचे दार उघडले. पुढे इंटर झाल्यावर पैशांअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी मध्यस्थी केली आणि सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. याच केळुसकर गुरुजींनी बाबासाहेबांना त्यांच्या शालेय वयात, सत्काराच्या सभेत, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. मॅट्रिकच्या अलीकडे थांबलेल्या मुलासाठी केळुसकर गुरुजींना इच्छा असूनही महाराजांकडे शिष्यवृत्ती मागता आली नसती. मुलगा किती हुशार, हा त्या ठिकाणी प्रश्नच उरत नाही. तो कोणत्या पायरीवर उभा आहे, एवढेच विचारले जाते.

दहावीविषयी आमचे मत एवढेच आहे. ती माणसाची लायकी ठरवीत नाही. ती पायरी आहे. ज्याच्यापाशी बागायती जमीन आहे, दुकान आहे किंवा साहेबाच्या खुर्चीत बसलेला मामा आहे, त्याला या पायरीवाचून दुसऱ्या दाराने आत जाता येते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराला तसे दुसरे दार नाही. ‘शिक्षणावाचून काही अडत नाही’ हे वाक्य कोण उच्चारतो आणि त्याच्या पाठीशी काय आहे, हे पालकांनी एकदा न्याहाळून पाहावे.

अडते ते नेमके कोठे, याची काही उदाहरणे आमच्या मुलांच्याच अनुभवातली आहेत. आय.टी.आय.मध्ये वेल्डर किंवा सुतारकामाला आठवी चालते, इलेक्ट्रिशियन व फिटरला दहावी लागते. पोलीस शिपाई व्हायचे तर बारावी लागते, म्हणजे दहावी नसलेल्याने मैदानावर कितीही वेगाने धाव घेतली तरी अर्जच स्वीकारला जात नाही. भारत सरकारची शिष्यवृत्ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली सुरू झाली. आपल्या कित्येक पिढ्या तिच्यावर शिकल्या. तिच्या नावातच ‘मॅट्रिकोत्तर’ हा शब्द आहे. दहावीच्या आत शाळा सोडणारा मुलगा त्या शिष्यवृत्तीच्या उंबऱ्यावरून मागे फिरतो.

फारसे कोणाला ठाऊक नसलेले एक उदाहरण पासपोर्टचे आहे. दहावी न झालेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘ई.सी.आर.’ असा शेरा येतो. आखातातील व इतर काही ठरावीक देशांत अशा व्यक्तीला कामासाठी जायचे असल्यास सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. मजुरांची फसवणूक होऊ नये म्हणून केलेली ही तरतूद आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांना मात्र ती आडवी आली. पंचविशीत असताना त्यांना दुबईचे काम चालून आले होते. त्यांच्याबरोबरचा गवंडी, हाताने त्यांच्याहून कच्चा पण दहावी पास, महिन्याभरात विमानात बसला. हे कागदपत्रांच्या मागे फिरत राहिले, मधल्या दलालाने पैसे खाल्ले आणि काम गेले. ही हकीकत त्यांनी हसत हसत सांगितली. आम्हाला हसू आले नाही, कारण त्यांची दहावी कोणामुळे राहिली, हे आम्हाला ठाऊक होते.

स्मरणिकेत गौरवाच्या गोष्टी लिहिण्याचा प्रघात आहे. तो थोडा मोडून हे लिहितो. त्यांना नववीत नापास करण्यात आले होते. गणित व इंग्रजी कच्चे होते, हे खरे. परंतु दहावीचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे, हा हिशेबही त्यामागे होता. दहावीत निकाल खाली ओढतील अशी मुले नववीतच गाळली, की फलक स्वच्छ राहतो. त्या काळी पुष्कळ शाळा हे करीत, म्हणून आमचा दोष कमी होत नाही. नापास झालेला मुलगा दिवाळीत आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. कोयता घेतलेला मुलगा पाडव्यानंतर परत आला तरी वर्ष हातचे गेलेले असते. आमच्यापैकी कोणी त्याच्या घरी विचारायला गेले नाही. आज शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचा हात धरतो, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. त्यानंतरची दोन वर्षे निसरडी आहेत. मुलगा कमावण्याजोगा दिसू लागतो, मुलीला स्थळे येऊ लागतात, आणि कायद्याचा हात सुटलेला असतो. वसतिगृहाची खरी गरज याच दोन वर्षांत आहे. म्हणून यंदापासून नववीचा कोणताही विद्यार्थी सुटीनंतर आठ दिवसांत परतला नाही, तर दोन शिक्षकांनी त्याच्या घरी जायचे, मग घर फडावरच्या कोपीत असले तरी, असे ठरविले आहे.

ज्यांचे राहून गेले, त्यांच्यासाठी वाट बंद झालेली नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून कोणालाही बाहेरून दहावीला बसता येते. हा फॉर्म पावसाळ्याच्या दिवसांत निघतो आणि परीक्षा पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, सर्वांबरोबरच होते. गुणपत्रिका त्याच मंडळाची मिळते. तिच्यावर वयाचा उल्लेख करून कोणी हिणवीत नाही. वर्गात बसण्याचा संकोच वाटत असेल, तर विहारातील रविवारच्या अभ्यासिकेत गणित व इंग्रजी शिकविण्याची तयारी आमच्यातील तिघांनी दाखविली आहे. त्यांतले एक निवृत्त आहेत आणि त्यांना दुपारी झोप येत नाही, असे ते स्वतःच सांगतात.

स्मरणिकेच्या शेवटी दिलेल्या यादीतून ‘शिक्षण’ हा रकाना आम्ही काढून टाकला आहे. नावे प्रवेशाच्या वर्षानुसार छापली आहेत. निरोप पाठविणाऱ्या त्या गृहस्थांचे नावही त्यांच्या वर्षात, त्यांच्या बाकावरच्या सोबत्यांच्या ओळीत आहे. त्यांची परवानगी आम्ही फोनवरून मागितली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘छापा. पण त्या सतराच्या फॉर्मला काय काय लागतं?’

त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मध्येच शाळा सोडून गेलेल्यांनी न नेलेले दाखले कार्यालयातील लोखंडी कपाटात वर्षानुसार गठ्ठे बांधून ठेवले आहेत. ते रविवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी अकरा ते पाच या वेळेत मिळतील. स्वतः येणे शक्य नसल्यास सहीची चिठ्ठी देऊन घरच्या माणसाला पाठविले तरी चालेल.