कच्चे मोड आणि एक दोगला जंतू

२०११च्या मे महिन्यात आम्ही हॅम्बुर्गला राहत होतो. उत्तर जर्मनीत रक्ती जुलाबाची साथ पसरली होती आणि जो तो ‘एहेक’ या जंतूबद्दल बोलत होता. आधी आळ आला स्पेनच्या काकडीवर. बाजारात काकडी, टोमॅटो, लेट्यूस पडून राहिलं. खरा गुन्हेगार १० जूनला जाहीर झाला: कच्चे मोड. तोवर माझी बायको अतिदक्षता विभागात होती. ऑफिसजवळच्या एका उपाहारगृहात ती सॅलड खायची आणि त्यावर मोड भुरभुरलेले असायचे.

सुरुवात पोटातल्या मुरड्याने झाली, मग पाण्यासारखे जुलाब आणि नंतर शौचातून रक्त. जवळच्या डॉक्टरांनी पोटाचा साधा संसर्ग म्हणून घरी पाठवलं. पुढे जुलाब कमी झाले, आम्हाला हायसं वाटलं आणि नेमकं तेव्हाच दुखणं उलटलं. लघवी अगदी थोडी, तीही गडद तपकिरी. चेहरा पांढराफटक, पायांवर सूज. मी चमचा पुढे केला तर तिला त्याचं नाव आठवेना. “ते... खायचं...” एवढंच म्हणाली. निदान झालं हिमोलायटिक युरेमिक सिंड्रोमचं. तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घसरतात, मूत्रपिंडं बंद पडू लागतात; काहींच्या मेंदूवरही परिणाम होतो. डायलिसिस झालं, प्लाझ्मा बदलला. पिवळसर पिशव्या एकामागून एक खांबाला टांगल्या जात होत्या. ती वाचली. जर्मनीत ३,८००हून अधिक लोक आजारी पडले, ८५०हून अधिक जणांना हा सिंड्रोम झाला आणि ५३ जण दगावले. एरवी हा सिंड्रोम मुख्यतः लहान मुलांना गाठतो. या साथीत मात्र धडधाकट प्रौढ, त्यातही बायका जास्त होत्या.

हा जंतू इतका घातक का ठरला, ते पुढे अभ्यासकांनी उलगडलं. हा ई. कोलायचा ओ१०४:एच४ प्रकार. जूनच्या सुरुवातीलाच त्याचा जनुकक्रम सर्वांसाठी खुला झाला आणि त्यात दोन घराणी एकत्र आलेली दिसली. मूळ जंतू आतड्याला चिकटून राहणाऱ्यांपैकी. चिकटण्यासाठी लागणाऱ्या तंतूंची जनुकं त्याच्या प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर होती, आणि त्यांच्या जोरावर तो आतड्याच्या अस्तरावर विटांच्या चळतीसारखा थर रचतो. शिगा विष बनवणारं जनुक मात्र बाहेरून आलेलं. जंतूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूने, म्हणजे फाजने, ते आणून गुणसूत्रात बसवलं होतं. चिवट पकड आणि जहाल विष एकाच पेशीत आलं. भरीला दुसऱ्या एका प्लाझ्मिडवर अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारं जनुकही होतं. शिगा विष रक्तात उतरलं की मूत्रपिंडातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशींत शिरतं आणि तिथली प्रथिननिर्मिती थांबवतं.

माग काढत तपास लोअर सॅक्सनीतल्या मोड पिकवणाऱ्या एका मळ्यापर्यंत पोचला. फ्रान्समध्ये बोर्दोजवळही लोक आजारी पडले होते. दोन्हीकडचा दुवा एकच होता: २००९मध्ये इजिप्तहून आलेली मेथी. बियांच्या नमुन्यांत जंतू सापडला नाही. खरेदी-विक्रीच्या नोंदी जुळवून निष्कर्ष काढला गेला. कोरड्या बीवर जंतू दीर्घकाळ तग धरतात आणि मोड आणताना मिळणाऱ्या उबेत, ओलाव्यात भराभर वाढतात. काही जंतू बीच्या भेगांत दडलेले असतात, म्हणून वरून धुऊन ते जात नाहीत.

मेथी, मटकी, मूग यांना मोड आणणं आपल्या घरात रोजचं. उसळ किंवा मिसळ खदखदून शिजते, म्हणून ती निर्धोक. डाएटच्या नावाखाली हेच मोड कच्चे खाल्ले जातात, तिथे सांभाळा. मोड वाफवून नव्हे, चांगले शिजवून खा. लहान मुलं, गरोदर बायका, वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना कच्चे देऊच नका. घरी आणलेल्या मोडांनाही हाच नियम, कारण दोष बीमध्ये असू शकतो.

शौचातून रक्त पडलं तर जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी विष आतच रेंगाळतं. उरलेल्या पट्ट्यातलं अँटिबायोटिकही मनाने घेऊ नका. काही अँटिबायोटिक्समुळे जंतूतला तो फाज जागा होतो आणि विष वाढतं. दुसरीकडे, रक्ती आवेच्या काही प्रकारांत अँटिबायोटिक लागतंच. तेव्हा शौचाची तपासणी करून निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. तपासणीत शिगा विषही बघायला सांगा. ओआरएस चालू ठेवा. रुग्णाच्या घरात संडासानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा, कारण हा जंतू माणसाकडून माणसाकडेही जातो.

आणि जुलाब थांबले म्हणून निर्धास्त होऊ नका. पुढचा आठवडाभर लघवीवर लक्ष ठेवा. ती कमी झाली, रंग गडद झाला, रुग्ण फिकट पडला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय गाठा.