बोकड विकण्याआधी मटणाचा उतारा समजून घ्या

ताई, बेपारी दारात येतो, बोकडाची पाठ चाचपतो, कमरेशी दाबतो आणि एक आकडा सांगतो. त्या चाचपण्यात त्याने हिशोब केलेला असतो की यातून मटण किती निघेल. तोच हिशोब आपल्यालाही आला पाहिजे. गायींच्या कत्तलीला राज्यात आधीपासूनच बंदी होती, बैलांच्या कत्तलीलाही २०१५ पासून बंदी आहे. शहापूर-मुरबाडच्या घरात मटणासाठी विकायचं जनावर म्हणजे मुख्यतः बोकडच.

उतारा म्हणजे काय?
जिवंत वजनातून मुंडी, पाये, कातडं, आतडी आणि पोटातला चारा गेला की उरतं ते मटण. शंभर किलो वजनामागे साधारण ४० ते ५० किलो. २५ किलोच्या बोकडाचा उतारा ४० टक्के पडला तर १० किलो, ४५ टक्के पडला तर सव्वा अकरा किलो. मटण समजा ७०० रुपये किलो धरलं, तर सव्वा किलोचे ८७५ रुपये होतात. वजन तेच, पण फरक एवढा!

उतारा कशाने वाढतो, कशाने घटतो?

१. जात: आपल्या गावठी शेळ्या अंगाने लहान असतात. उस्मानाबादीसारख्या चांगल्या जातीचा बोकड पैदाशीला ठेवला तर करडं अंगाने भरतात. पण आपल्याकडच्या पावसात गोठा कोरडा आणि जमिनीपासून उंच हवा.

२. वय: ९ ते १२ महिन्यांच्या बोकडाचं मटण कोवळं असतं. फार लवकर विकलं तर हाडं जास्त, मांस कमी. बकरी ईदसाठी मात्र वर्ष पूर्ण झालेला बोकड लागतो. तो लंगडा, कान फाटलेला किंवा शिंग मोडलेला चालत नाही.

३. खच्चीकरण: बोकड वयात आला की मटणाला उग्र वास येतो. दोन-तीन महिन्यांचा असताना डॉक्टरांकडून खच्ची करून घेतला तर वास कमी राहतो, बोकड शांत राहतो, अंग धरतो. घरी ब्लेड चालवू नका.

४. खुराक: नुसत्या चराईवर पोट मोठं होतं, मांड्या भरत नाहीत. विकण्याआधी दोन-तीन महिने सुबाभूळ, शेवरीचा पाला आणि रोज २०० ग्रॅमच्या आसपास मका-पेंडीचा खुराक द्या. सुरुवात मूठभरापासून करा. एकदम धान्य घातलं तर पोट फुगून बोकड दगावतो.

५. जंत: भातखाचरांत, पाणथळ जागी गोगलगायी असतात. त्यांच्यामुळे चपटे जंत काळजात शिरतात. बोकड रोडावतो आणि काळीज फेकून द्यावं लागतं. पावसाळ्याआधी आणि नंतर जंताचं औषध द्या. औषध दिल्यावर किती दिवस विकायचं नाही, हे डॉक्टरांना विचारा.

६. विक्रीचा दिवस: पोट भरलेलं असलं की काट्यावर दोन-तीन किलो चारापाणीच भरतं. बेपारी ते कापून धरतो आणि बरेचदा जास्तच कापतो. म्हणून रात्री चारा बंद ठेवा, पाणी ठेवा आणि सकाळी वजन करा. पाय बांधून, लटकवून नेऊ नका. मार लागलेलं मांस काळंनिळं पडतं. घाबरून दमलेल्या जनावराचं मटण गडद, चिकट होतं आणि लवकर खराब होतं.

काटा नसेल तर टेप घ्या
पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर २६ आणि लांबी २४ असेल तर वजन साडेचोवीस किलोच्या आसपास. हा अंदाज आहे, पण नुसत्या नजरेपेक्षा बरा.

बेपाऱ्याला वाहतूक, मजुरी आणि नफा सुटायलाच हवा. त्यात गैर काही नाही. पण भाव नगावर ठरला की नुकसान बहुधा आपलंच होतं, किलोवर ठरला की दोघांनाही कळतं काय दिलं, काय घेतलं.

पुढच्या बैठकीत बोला
• आपल्या गटात विकायला तयार बोकड किती? त्यांचं वजन किती?
• ग्रामसंघाने एक लटकता काटा घ्यायचा का?
• चार-पाच जणींनी एकाच दिवशी, किलोच्या भावाने विकलं तर?

बैठकीला येताना आपल्या एका बोकडाचं टेपने काढलेलं वजन वहीत लिहून आणा.