चार वाजताची धडधड आणि बिस्किटाचा पुडा

दुपारी चारच्या सुमाराला छातीत धडधडतं, हात थरथरतात, कुणी साधं काही विचारलं तरी वसकन अंगावर जावंसं वाटतं. अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, सकाळपासून पोटात काय गेलं? बहुतेकदा उत्तर येतं चहा-बिस्किटं, कामाच्या गडबडीत बुडालेलं जेवण आणि मग थंड पेय. रक्तातली साखर झपाट्याने चढते, तिला आवरायला इन्सुलिन स्रवतं. काही जणांची साखर दोन-तीन तासांत बरीच उतरते आणि शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं. घाम, धडधड, थरथर ही त्याचीच लक्षणं. चिंतेच्या विकारातही हीच दिसतात, म्हणून माणूस आणखी घाबरतो.

बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचा. मैदा, साखर, पाम तेल, इन्व्हर्ट सिरप म्हणजे पुन्हा साखरच, शिवाय इमल्सिफायर आणि कृत्रिम स्वाद. हे अतिप्रक्रिया केलेलं अन्न. डाळ, दही, पोहे त्यात येत नाहीत. गुळाचा चहा मात्र साखरेच्याच हिशेबात धरा.

ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात, गोड पदार्थ आणि पेयांतून रोज ६७ ग्रॅमहून जास्त साखर घेणाऱ्या पुरुषांमध्ये पाच वर्षांनी नैराश्य-चिंतेसारख्या त्रासाची शक्यता २३ टक्क्यांनी अधिक आढळली. स्त्रियांमध्ये तसं दिसलं नाही. मला जास्त आशा वाटते ती त्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगाने. नैराश्य असलेल्या ६७ जणांपैकी काहींना बारा आठवडे भाज्या, कडधान्यं, मासे असा आहार घ्यायला मदत केली, बाकीच्यांना फक्त गप्पांची सोबत दिली. आहार बदललेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्या गटात ८ टक्के. प्रयोग लहान आहे, पण त्यातला आहार आपल्या भाजी-आमटीपासून फार दूर नाही.

साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा. कोलाच्या ३०० मिलीच्या एका बाटलीतच ३० ग्रॅमच्या आसपास असते. सकाळी मुगाचं धिरडं किंवा अंडं खा, चारला मूठभर फुटाणे-शेंगदाणे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि असा घाम-थरथर सुटली, तर लगेच साखर तपासा. ती कमी असेल किंवा तपासायची सोय नसेल, तर तेव्हा साखर खायचीच. नैराश्याची औषधं चालू असतील तर आहार सुधारला म्हणून ती परस्पर बंद करू नका. आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, जगणं नको वाटू लागलं, तर ताटातले बदल करत बसू नका. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.