प्रदर्शनातील छोटे विमान कसे पाहावे?

जर्मनीतील फ्रीडरिखशाफेन या सरोवरकाठच्या नगरात 'एरो' हे छोट्या विमानांचे प्रदर्शन भरते. याच सरोवरावर जुलै १९०० मध्ये झेपेलिनचे पहिले महाकाय हवाई जहाज उडाले होते. आता तेथे लोक दोन आसनी विमानांभोवती गर्दी करतात.

त्यांपैकी स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीचे 'वेलिस इलेक्ट्रो' आम्ही पाठासाठी घेतो. जून २०२० मध्ये युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने त्यास प्रमाणित केले. पूर्णतः विजेवर चालणाऱ्या विमानास असा मान प्रथमच मिळाला. प्रेक्षक रंग आणि पंख न्याहाळतो. आम्ही म्हणतो, आधी वजनाचा तक्ता वाचावा. उड्डाणाचे कमाल वजन ६०० किलो, बॅटरीसह रिकामे विमान ४२८ किलो. उरले १७२ किलो, म्हणजे एक शिक्षक व एक विद्यार्थी, तेही बेताच्या अंगाचे! पेट्रोलचे विमान उडता उडता हलके होते. बॅटरी उतरली तरी तिचे ओझे तेवढेच राहते. शिवाय किलोभर पेट्रोलमधील ऊर्जा किलोभर बॅटरीतील ऊर्जेच्या कितीतरी पट असते. म्हणून उड्डाण सुमारे ५० मिनिटांचे, वर थोडा राखीव वेळ. दूरच्या प्रवासास ते अपुरेच. धावपट्टीभोवती फेऱ्या मारून चढणे-उतरणे शिकण्यास मात्र पुरेसे.

आमच्या वसतिगृहातील एखाद्या मुलीने वैमानिक व्हावयाचे म्हटले, तर तिच्या वाटेत बुद्धीपेक्षा शुल्क अधिक आडवे येते. इंधनाचा खर्च घटणे म्हणूनच आम्हांस मोलाचे वाटते. परंतु ही बॅटरी ठराविक वापरानंतर बदलावी लागते. ती केवढ्यास पडते, हे विक्रेत्यास तेथेच विचारावे आणि तासाच्या हिशेबात मांडावे.